‘ओळख’ आणि ‘ठरलंय’च्या मधलं

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून हा विषय काढला की तू ताटावरनं उठतोस, म्हणून लिहिते.

तुम्ही ज्याला डेटिंग म्हणता, त्याला आपल्याकडं धड शब्दच नाही. एकतर ‘ओळख आहे’, नाहीतर थेट ‘ठरलंय’. मधल्या सगळ्याला लोक ‘लफडं’ म्हणून मोकळे होतात. डेटिंग म्हणजे नेमकं हे मधलंच: आपलं जमतंय का ते बघायला ठरवून भेटणं. त्यात लग्नाचा शब्द दिलेला नसतो. घोटाळा होतो तो इथंच. एकाच्या मनात नुसत्या गप्पा, दुसऱ्याच्या मनात मांडव. तेव्हा तिसऱ्या-चौथ्या भेटीला सरळ विचार, ‘तू याकडं कसं बघतेस?’ तुझंही सांग. ‘बघू पुढं’ हे उत्तर नव्हे.

पहिली भेट तासाभराची, दिवसाउजेडी, चहा-कॉफीपुरती. जागा तिला ठरवू दे. संध्याकाळी रंकाळ्यावर नको. भेळेची गाडी ओलांडेपर्यंत कुणीतरी मामा-काका भेटतोच आणि तुमच्या आधी बातमी घरी पोचते. आपल्याकडं ती ‘पोरगं मोठं झालं’ म्हणून हसण्यावारी जाईल, तिच्या घरी तिचं कॉलेज बंद होऊ शकतं. बदनामी दोघांच्या वाट्याला सारखी येत नाही. गाडीवरनं सोडायचा हट्ट धरू नकोस. सोडलंस तर ती म्हणेल त्या कोपऱ्यावर. बिल निम्मं-निम्मं. सगळं तू भरलंस तरी त्याची वसुली मनात धरू नकोस.

जवळ यायचं तर होकार दरवेळी नव्यानं लागतो. गप्प राहणं, ‘नको ना’, हसून विषय बदलणं, हे तिन्ही नकारच. मुलगी 18च्या आतली असेल तर तिच्या होकारालाही कायद्यात किंमत नाही, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो.

अ‍ॅपवरची ओळख असेल तर भेटण्याआधी एकदा व्हिडिओ कॉल कर. पण दोन दिवसांत कुणी कपडे काढायला सांगितलं, की समज पलीकडं रेकॉर्डिंग चालू आहे. मग पैशाची धमकी येते. एकदा दिलेस की पुन्हा मागतात. देऊ नकोस, स्क्रीनशॉट ठेव, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930ला, फोन कर आणि मला सांग. ओरडायचं ते मी नंतर ओरडेन.

शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच या संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायदा केला, तरी ‘कुणाची?’ हा प्रश्न आधी येतो. माझ्याही तोंडून येईल, खोटं कशाला बोलू. लग्नापर्यंत गेलंच तर 1954चा विशेष विवाह कायदा आहे: मुलगा 21, मुलगी 18, 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. ती नोटीस कार्यालयात लागते, कुणीही वाचू शकतं. म्हणून घरी आधी सांगायचं.

नाही जमलं तर भेटून, नाहीतर फोनवर दोन वाक्यांत सांग. गुपचूप ब्लॉक करू नकोस. माणूस महिनाभर फोनकडं बघत बसतं. आणि तिचे फोटो त्याच दिवशी पुसून टाक, ग्रुपवरच्या पोरांना दाखवायला ठेवू नकोस.

तुझी,
आई