व्हिडिओ अडकतो तेव्हा दोष नेटचाच नसतो

संपादक महोदय,
घरच्या टीव्हीला मी रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटासा संगणक, जोडलाय आणि महिनाभर व्हिडिओ मधेच गोठायचा, आवाज चालू पण चित्र तिथल्या तिथे. सगळे म्हणाले नेटचा स्पीड वाढव, वाढवला, काडीचा फरक नाही. खरंतर नेट कमी पडलं की बहुतेक वेळा आवाजही थांबतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग एकदा स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकून गेलं, म्हणजे बोर्डाला व्होल्टेज कमी पडत होतं आणि म्हणून तो मंदावत होता! मी मोबाइलचा जुना चार्जर लावलेला, याला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर हवा. तो बदलला, बरंचसं थांबलं. बाकीचं गरमीमुळे, ८० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, बंद कपाटातून बाहेर काढला आणि सुटलं. एव्ही१ या नव्या फॉरमॅटचे व्हिडिओ मात्र अजून अडकतात, ते उलगडायला या बोर्डात वेगळं हार्डवेअरच नाही, तिथे एच२६४ हा जुना फॉरमॅट निवडायचं. तुमच्या पानावर नव्या मोबाइलच्या बातम्या असतात, या दुरुस्तीच्या गोष्टींनाही जागा द्या ना, लोक उगाच महागडे प्लॅन घेतात.
— एक नियमित वाचक