काकांना फोन कर

प्रिय अमित,

पोचल्याचा मेसेज मिळाला. जेवलास का ते काही लिहिलं नाहीस. घराच्या वाटणीबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण सकाळी काकू आली होती. काकांची मंगळवारी अँजिओग्राफी आहे. त्यांना फोन कर.

ईस्टरच्या जेवणाला ते बाबांबद्दल बोलले, ते बोलायला नको होतं. मलाही लागलं. पण काकांकडचं मधलं दार न वाजवता तू ट्रॅव्हल्समध्ये जाऊन बसलास, ते मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी मला एवढंच विचारलं, "पोरगं जेवून गेलं का?"

तुमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांना तू गाडीवर बसवून उपासनेला नेतोस, हे तिथल्या पाळकसाहेबांकडून कळलं तेव्हा ऊर भरून आला. पण अनोळखी म्हाताऱ्यांवर प्रीती करणं सोपं असतं रे. ते आपल्याकडे वाटणी मागत नाहीत.

मिशन दवाखान्यात असताना एक शुगरचा पेशंट होता, पायाची जखम चिघळलेली. ड्रेसिंगला गेले की शिव्या द्यायचा. त्याच्याबद्दल माझ्या मनात माया वगैरे काही नव्हती. पट्टी मात्र नीट बांधायची, आधी सलाईनच्या पाण्याने भिजवून जुनी सोडवायची, म्हणजे कातडी ओढली जात नाही. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही प्रभूने त्याच्या कळवळ्यावर एकच शब्द खर्च केला आहे. बाकी सगळं त्याने काय केलं तेच: तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळेवाल्याला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. आणि वर, जास्त लागलं तर परत येताना देईन. मन तयार होईपर्यंत तो थांबला नाही.

आणि मत्तयाचा पाचवा अध्याय तर तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही. रविवारी तुमच्याकडे प्रभुभोजन असेल ना?

झालं, लागले उपदेश करायला. रागावू नकोस. तू मोठा झालास, तुझं तुला कळतं. पण तुझ्या हिस्लॉप कॉलेजच्या ॲडमिशनला भर उन्हात दुपट्टा बांधून लाईनीत काका उभे होते. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फीची पावती त्यांनी माझ्या हातात दिली आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. आजवर कधी काढलंही नाही, परवाच्या भांडणातसुद्धा नाही.

बाबांना नेलं तेव्हाही डॉक्टर साधी तपासणी आहे म्हणाले होते. म्हणून मला झोप नाही.

कागदावर सही कर असं मी म्हणत नाही. ते वकिलाकडे असू दे, तुझ्या हक्काचं तू सोडू नकोस. फोन मात्र कर. मंगळवारी आम्ही सकाळी सातला निघतो, त्यामुळे सोमवारी केलास तर बरं. नऊच्या आत कर, नंतर ते गोळी घेऊन झोपतात. काय बोलू असं वाटलं तर तब्येत विचार, पुढचं ते बोलतील.

आणि जेवलास का ते लिही.

तुझी,
आई