रविवारच्या ताम्हिणी राइडबद्दल : गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशी) ठेवा, निदान सायलेन्सर तरी!

सभासदांनो, रविवारी सकाळी सहाला चांदणी चौक. ट्रायम्फची ४०० सीसीची स्क्रॅम्बलर मोटरसायकल (आपल्या चाकणलाच बनलेली!) आणणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी.

आफ्टरमार्केट (कंपनीचा नसलेला, बाहेरून बसवलेला) सायलेन्सर लावलेली गाडी राइडला घेणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. आणि घाटातल्या गावांनी आपला आवाज का ऐकावा? क्रॅशगार्ड, हॅण्डगार्ड, बॅशप्लेट (इंजिनाखालची संरक्षक पत्रा) यांना आमचा विरोध नाही, पण बोल्ट नीट आवळून या. सैल बॅशप्लेट ही नसलेल्यापेक्षा वाईट.

पैसे घालायचेच असतील तर आधी टायरमध्ये घाला. पुढे १९ इंची, मागे १७. बटणवाला (मोठ्या गाठींच्या नक्षीचा) टायर चिखलात धरतो, पण ओल्या डांबरावर घसरतो, तेव्हा ब्रेक सांभाळून. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी केलीत, तर डांबरावर येताच पुन्हा भरा. पंप सोबत हवाच.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कच्च्या रस्त्यावर बंद करणारे : चहाला थांबून किल्ली बंद-चालू केलीत की ते पुन्हा चालू होते. उताराला लागण्याआधी मीटरवरचा एबीएसचा दिवा बघायचा, अंदाजाने नाही.

परतल्यावर रेडिएटरच्या जाळीतला चिखल साध्या नळाने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला की पात्या वाकतात. चेन पुसून तेल द्या.

ज्यांना यायचंय त्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका. पीयूसी आणि विमा तपासूनच.