प्रागच्या मेट्रोतल्या आजींना

आजी, नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहितीये, पोचलं तरी मराठी तुम्हाला कुठून येणार, पण तरी लिहितेय. आमच्या घरात अजूनही दर दोन दिवसांनी 'प्रागच्या आजी' असा विषय निघतो आणि दरवेळी मला आठवतं की त्या दिवशी मी तुम्हाला एक कोरडं थँक्यू सोडून काहीच म्हटलं नव्हतं. तुमचं नाव तुम्ही दोनदा सांगितलंत, पण त्यात र आणि झ एकाच दमात म्हणायचं ते तुमच्या भाषेतलं अक्षर होतं, ते आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. म्हणून आजीच.

बाकी जे कोणी वाचताय त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. २०२४ च्या मार्चअखेरीला आम्ही प्रागला गेलो होतो, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आई ७१ च्या, सगळं आयुष्य वाईत गेलं, आता पुण्यात आमच्याकडे असतात. मे महिन्यातली तिकिटं परवडत नाहीत म्हणून मुलाची परीक्षा संपल्या संपल्या निघालो. थंडी होती पण बोचरी नाही, सकाळी स्वेटर घालायचा नि दुपारी कमरेला बांधायचा, झाडांवर पान नाही पण काही झुडपं पिवळीधमक फुललेली. आई म्हणाल्या, आपल्या पळसासारखंच की हे, आधी फुलं मग पानं.

चार्ल्स ब्रिजवर गर्दी व्हायच्या आत जायचं म्हणून सकाळी सातलाच गेलो होतो. १३५७ मध्ये चौथ्या चार्ल्स राजाने बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. त्यातल्या एका पुतळ्याखाली पितळी पाटी लोकांनी हात लावून लावून चकचकीत केलीये, तो नेपोमुक नावाचा धर्मगुरू, त्याला १३९३ मध्ये राजाच्या हुकमावरून नदीत टाकलं होतं. एवढं ऐकल्यावर आईंनी चप्पल काढून नमस्कार केला. चप्पल म्हणजे स्पोर्ट्स शूज, मग ते परत घालायला पाच मिनिटं. मग कठड्याला टेकून व्ल्तावा नदीकडे बघत बसल्या, म्हणे एवढी मोठी नदी आणि पुलाखाली उतरायला घाट कसा नाही. मी म्हटलं, आई चला.

त्या पाच दिवसांत मी त्यांना सगळ्यात जास्त वेळा काय म्हटलं असेल तर हेच, 'आई, चला'. आणि मेट्रोत, 'मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही.' हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा.

तर तो ईस्टरचा रविवार, ३१ मार्च. आणि नेमकं त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात, हे तुम्हाला पाठ असणार, आम्हाला नाही. फोन आपोआप बदलले पण ते चार्जिंगला आतल्या खोलीत, आणि आम्ही भाड्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत निवांत पोहे खात बसलेलो. नऊ वाजलेत म्हणून. आईंचं मनगटी घड्याळ तर पुण्यापासून भारतीय वेळेवरच होतं, त्यांनी एकदाही बदललं नाही, त्यातून साडेचार तास वजा करायचे हा त्यांचा हिशोब, आणि त्यांच्या हिशोबानेही नऊच. मग नवऱ्याने फोन उचलला तर दहा. झालं. मुलाला बरोब्बर बाराच्या ठोक्याला ते ओरलॉय, म्हणजे तासाला पुतळे हलतात ते जुनं घड्याळ, बघायचं होतं, त्यामुळे पळापळ.

देयवित्स्काहून मेट्रोत बसलो. तुमची मेट्रो आईंना फार आवडली होती. एकतर आत जायला गेटच नाही, तिकिटावर मशीनमध्ये शिक्का मारायचा की झालं, आणि ६५ च्या वरच्यांना फुकट, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. आई पासपोर्ट कमरेच्या पाकिटात घेऊन तयार असायच्या, कोणी विचारलंच नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. आणि स्टेशनच्या भिंतींवरचे ते ॲल्युमिनियमचे पत्रे, गोल गोल खळगे आणि गोल गोल फुगवटे, प्रत्येक स्टेशनला वेगळा रंग. आई म्हणाल्या, आप्पेपात्र. आता मला ती लाइन आठवली की दुसरं काही आठवत नाही.

आणि तिसरं म्हणजे ती अनाउन्समेंट. दार बंद व्हायच्या आधी बाई दरवेळी काहीतरी लांबलचक बोलते आणि शेवटी 'द्वेर्झे से झावीरायी'. तिसऱ्या दिवशी आई म्हणाल्या, ती द्वार म्हणतेय ना गं? मी म्हटलं, काहीही काय आई. रात्री शोधलं तर खरंच, द्वेर्झे म्हणजे दार, आणि आपल्या द्वाराशी त्याचं जुनं नातं आहे. मी त्यांना सांगितलं नाही पण, उगाच कशाला.

स्तारोम्येस्त्स्का आलं, आमचं उतरायचं स्टेशन. एका मुलाने उठून आईंना पलीकडच्या टोकाला जागा दिली होती, आम्ही दाराशी उभे. मी मुलाचा हात धरला, बॅग घेतली, उतरा उतरा म्हणत उतरले. आईंना 'उठा' म्हणायचं राहिलं. त्या माझ्याकडे बघत बसल्या होत्या, मी सांगायची वाट बघत. द्वेर्झे से झावीरायी. काचेतून त्यांचा चेहरा दिसला तो मला अजून दिसतो, घाबरलेला नाही, आता उठू का असा.

पुढची पंचवीस मिनिटं काय झालं ते तुम्हाला माहिती नाही म्हणून सांगते. पुढच्या गाडीने आम्ही मूस्तेकला, म्हणजे पुढच्याच स्टेशनला गेलो. तिथे दोन लाइन एकमेकींना मिळतात, त्यात ईस्टरची गर्दी, वर वेन्सेस्लास चौकात बाजार भरलेला. आई नाहीत. आईंच्या फोनला रोमिंग नाही, कारण 'त्या कुठे एकट्या जाणारेत' असं मीच म्हटलं होतं. नवरा दुसऱ्या लाइनवर पळाला, मी प्लॅटफॉर्मच्या या टोकाहून त्या टोकाला, नऊवारीत नव्हे पण हिरव्या सहावारीत आणि पांढऱ्या बुटात बाई दिसली का हे कोणाला कसं विचारायचं, हाताने पदर दाखवत होते मी लोकांना. रडू येत होतं. शेवटी मुलगा म्हणाला, मम्मा, आजी परत मागे गेली असेल, तूच सांगितलंयस ना हरवलो तर जिथे हात सुटला तिथे यायचं.

आणि स्तारोम्येस्त्स्काला बाकावर तुम्ही दोघी बसला होतात. तुमचा राखाडी कोट, मांडीवर कापडाची पिशवी, त्यातून मऊ मऊ बोंडांच्या काड्या वर आलेल्या. आईंच्या हातात गोड पावाचा तुकडा. आणि दोघी बोलत होतात! आई मराठीत, तुम्ही चेकमध्ये, अगदी व्यवस्थित, एकीचं झालं की दुसरी. मी पळत येऊन आईंच्या गळ्यात पडले तर त्या मला म्हणतात, अगं घाई कसली, बाराला अजून वेळ आहे. त्यांच्या हिशोबाने पावणेअकराच वाजले होते ना.

मधलं सगळं नंतर आईंकडूनच कळलं, रोज थोडं थोडं, आणि दरवेळी त्यात थोडी भर पडते त्यामुळे किती खरं ते तुम्हीच जाणे. दार लागलं तेव्हा तुम्ही समोरच्या सीटवर होतात, काचेवर थापटणारी मी तुम्हालाही दिसले. तुम्ही उठून आईंच्या शेजारी येऊन बसलात आणि त्यांचा हात धरलात. मूस्तेकला उतरवलंत. आईंनी पाकिटातली चिठ्ठी दिली, नवऱ्याचा नंबर लिहिलेली. ती चिठ्ठी मीच लिहिली होती, बॉलपेनने, ठसठशीत, दहा आकडे. पुढे प्लस नाइन्टीवन लिहायचं सुचलं नाही. तुमच्याकडे नंबर नऊ आकडी, तुम्ही म्हणे लावून पाहिलात, मग दहाही आकडे बोटावर मोजलेत, मग परत लावलात, आणि मग चिठ्ठीची घडी घालून आईंना परत दिलीत आणि काहीतरी म्हणालात. ते काय म्हणालात हे आईंनी 'पोरीला अक्कल नाही' असं भाषांतर करून सांगितलं. असेलही.

एक घोळ मात्र सांगायलाच हवा. आई काहीही विचारायच्या आणि तुम्ही मान हलवून 'नो, नो' म्हणायचात. आईंना एवढं इंग्लिश येतं, त्यांना वाटलं ही बाई प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतेय आणि तरी हसतेय कशी. तुमच्यात 'आनो' म्हणजे हो, आणि बोलताना त्याचं 'नो' होतं, हे आम्हाला परत आल्यावर कळलं. आणि तुम्ही 'आनो' म्हणालात की आई म्हणायच्या, नको नको, काही आणू नका, पाणी आहे माझ्याकडे.

तो गोड पाव म्हणजे मझानेत्स, मनुके-बदाम घातलेला, वर फुलीसारखी चीर, ईस्टरला करतात. आईंनी अर्धा खाल्ला. त्यात अंडं असतं. आईंनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही, आणि हे घरात फक्त मला आणि नवऱ्याला माहिती आहे, तेव्हा कोणी वाई-पुण्याकडचे ओळखीचे हे वाचत असतील तर कृपया.

बाराचा ठोका हुकलाच. खरंतर तिथे तुमचं काम संपलं होतं, तुमचा फोन तोवर तीनदा वाजला होता, कोणीतरी जेवायला खोळंबलं असणार, सणाचा दिवस. पण मुलाचा पडलेला चेहरा बघून तुम्ही आमच्याबरोबर वर आलात. आणि एकचा ठोका आम्ही तुमच्याबरोबर बघितला. सांगाडा दोरी ओढतो, वर दोन खिडक्या उघडतात, येशूचा एकेक शिष्य येऊन डोकावून जातो, मुलाने मोजले, बाराच्या बारा, शेवटी कोंबडा आरवतो, तो आवाज मात्र जुन्या रिक्षाच्या हॉर्नसारखा. १४१० पासूनचं यंत्र, मधे मोडलं, दुरुस्त झालं, १९४५ मध्ये जळलं, परत उभं केलं, आणि खाली शंभरेक लोक मोबाइल वर धरून. सगळा खेळ मिनिटाभराचा. नवरा म्हणाला, बस एवढंच?

पण तुम्ही आईंना थांबवून तबकडीच्या सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्याकडे बोट दाखवलंत, त्यावर सोनेरी आकडे एकपासून चोवीसपर्यंत. मग हात आडवा करून हळूहळू खाली नेलात, सूर्य बुडतो तसा, आणि एक बोट वर केलंत. मला काही कळलं नाही. आई लगेच म्हणाल्या, म्हणजे यांचा दिवस मावळतीपासून मोजतात, आपला पंचांगात उगवतीपासून. नंतर वाचलं तर अगदी तेच, जुना बोहेमियन काळ, सूर्यास्त झाला की पहिला तास सुरू, आणि सूर्यास्त बदलेल तसं ते कडं वर्षभर मागेपुढे सरकतं. त्या कड्याला उन्हाळी वेळेशी काही घेणंदेणं नाही. आई तिथे वीस मिनिटं उभ्या होत्या. मी एकदाही चला म्हटलं नाही. इच्छा झाली होती, खोटं कशाला बोलू.

निघताना तुम्ही मुलाच्या हातात ते अंडं ठेवलंत. आतून पोकळ, लाल, वर पांढरी बारीक नक्षी, कागदी रुमालात गुंडाळलेलं. तुमच्यासाठी मी काय दिलं तर बॅगेतलं राजगिऱ्याच्या लाडवांचं अर्धं पाकीट. तुम्ही ते छातीशी धरलंत, आईंचा गाल थोपटलात आणि गर्दीत गेलात, पिशवीतल्या काड्या थोडा वेळ डोक्यांच्या वर दिसत होत्या. फोटो काढायचं कोणालाच सुचलं नाही.

तर आजी, आभार. आईंना परत आणून सोडलंत त्याचे आहेतच, पण त्या पंचवीस मिनिटांत त्यांना आपण हरवलोय असं एकदाही वाटू दिलं नाहीत त्याचे जास्त. चिठ्ठी मी नवीन लिहिली आहे, पुढे प्लस नाइन्टीवन, मागे पत्ता, आई ती पाकिटात ठेवतात आणि जुनीही ठेवतात.

अंडं शोकेसमध्ये आहे, वाटीत तांदूळ घालून त्यावर उभं केलंय. पहिले काही दिवस आई म्हणत होत्या की अंडं ते अंडं, स्वयंपाकघरात नको. आता शोकेस पुसायची वेळ आली की ते त्या स्वतः उचलतात, दोन्ही हातांनी, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. विमानातून आलं, दोनदा घर रंगवून झालं, मुलाचा क्रिकेटचा बॉल एकदा शोकेसच्या काचेवर बसला. अजून फुटलेलं नाही.