गणिताच्या पेट्या कपाटातून बाहेर काढा

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. येरवड्यातल्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना गणितात मदत करायला जाते. ५२ वजा २७ दिलं की बरीच मुलं ३५ लिहितात. सातातून दोन काढतात, कारण मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच डोक्यात बसलेलं. हातच्याचं गणित फळ्यावर पुन्हा पुन्हा करून दाखवलं तरी हे सुटत नाही.

मग खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या, त्यातून सत्तावीस काढायच्या. एका मुलीने विचारलं, “बाई, गठ्ठा सोडू का?” तिला हातचा तिथेच कळला! मी मुलांना जोडीने बसवते: एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने तेच लगेच वहीत मांडायचं. हे मांडणं सुटलं तर काड्यांचा नुसता खेळ होतो. पुढे काड्यांऐवजी चित्र आणि मग फक्त अंक.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित यावं, यासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या सरकारी मोहिमेची मुदत २०२६-२७ आहे. तरी काही शाळांत गणित पेट्या, म्हणजे मुलांनी हाताळून गणित शिकायच्या मणी वगैरे साहित्याच्या पेट्या, सामान हरवेल या भीतीने कपाटात कुलूपबंद दिसतात. हरवू देत चार मणी! केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) परिपत्रकं वाचण्यापेक्षा शिक्षकांनी मुलांच्या चुकलेल्या वह्या आणाव्यात आणि मूल तिथे कसं पोहोचलं यावर तासभर बोलावं. महापालिकेच्या शिक्षण विभागाने हे या सत्रातच सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, विश्रांतवाडी, पुणे