बघणाऱ्या मुलांचं काय?

महोदय,

माझी मुलगी सातवीत आहे. वर्गातल्या एका मुलीचा डबा रोज लपवतात, तिला कुणी खेळायला घेत नाही, हे तिने बाईंना जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुला कुणी काही केलंय का? मग चहाड्या कशाला करतेस?" घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, माझं चुकलं का?" त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तिच्या वयाचा असताना मी तोंड उघडलं नव्हतं.

१९८७ साली आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. आमच्या शेजारचा मुलगा बोलताना अडखळायचा. मधल्या सुट्टीत चार-पाच पोरं त्याला पाण्याच्या टाकीमागे नेऊन प्रतिज्ञा म्हणायला लावत. पहिल्याच शब्दाला तो अडे. 'भा... भा...' किती वेळा होतं, ते पोरं मोठ्याने मोजत. तो सदऱ्याचं खालचं बटण पिरगाळत राही. एकदा ते तुटून त्याच्या हातात आलं. मी मोजणाऱ्यांत नव्हतो, असं कित्येक वर्षं मनाला समजावत आलो. पण आकडा चौदावर गेला त्या दिवशी मीही हसलो होतो आणि त्याने नेमकं माझ्याकडे पाहिलं होतं. सकाळी आम्ही दोघं बरोबरच शाळेत यायचो.

दिवाळीनंतर तो शाळेत येईना. त्याची आई आमच्या दारात आली. "तू तरी खरं सांग रे बाळा, शाळेत काही झालंय का?" मी म्हटलं, "नाही काकू, काही नाही." पुढे त्याला मामाकडे धाडलं आणि नववीत त्याचं शिक्षण सुटलं. मला माराची भीती होतीच, पण त्याहून जास्त 'चहाडखोर' ठरण्याची होती. आज माझ्या मुलीला तोच शब्द खुद्द बाईंनी ऐकवला.

बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) यांबाबत शाळांना पुन्हा बजावण्यात आलं, हे चांगलंच झालं. पण पेटीत चिठ्ठी टाकायची ती आपल्या स्वतःच्या तक्रारीची, असंच मुलं समजतात. दुसऱ्याचं दुखणं सांगायलाही ती आहे, हे माझ्या मुलीला तरी कुणी सांगितलेलं नव्हतं. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांकही तिला ठाऊक नव्हता.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्याचा मोठा भर भोवती उभ्या असलेल्या मुलांवर आहे. ती हसली की दादागिरी करणाऱ्याला चेव येतो, त्रास होणाऱ्याच्या बाजूने उभी राहिली की त्याचा जोर ओसरतो. टाकीमागे मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बघायला पोरं कमी जमली की तो प्रकार लवकर आटपायचा.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, सांगायला आलेल्या मुलाला परत पाठवू नका आणि त्याचं नाव वर्गात फोडू नका. 'तू कशाला मध्ये पडतोस?' हे तर आपण पालकच घरोघरी म्हणतो. मीही म्हटलेलं आहे.

माझी मुलगी आता त्या मुलीशेजारी बसून डबा खाते. बाकीच्या मुली हल्ली दोघींनाही खेळायला घेत नाहीत. सोमवारी मी मुख्याध्यापकांना भेटायला जातो आहे.

— एक पालक, सातारा