बरोबर आयएसबीएन चुकीचे ठरवणाऱ्या ग्रंथालय प्रणालीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी आपल्या साहाय्य केंद्राशी झालेल्या संभाषणानंतर हे पत्र लिहीत आहे. दूरध्वनीवर यापुढे मी काहीही समजावून सांगणार नाही. फोंडा येथील आमच्या वाचनालयाने वर्गणीदारांच्या पैशांतून आपली प्रणाली घेतली ती ग्रंथनोंदणीसाठी. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी एक्स आला की ही प्रणाली चौकट लाल करते आणि ‘अवैध क्रमांक’ असे सांगून नोंद अडवते. तेरा अंकी क्रमांक १ जानेवारी २००७ पासून लागू झाले. त्याआधीची आमची पुस्तके दहा अंकांचीच आहेत, आणि त्यांतील सरासरीने दर अकराव्या पुस्तकाचा शेवट एक्सने व्हावा हे गणितानेच ठरलेले आहे.

आपल्या प्रतिनिधीने मला विचारले, “सर, नंबरात अक्षर कसं येईल?” मी सांगितले की अंकांना डावीकडून १०, ९, ८ असे १ पर्यंत गुणून केलेल्या बेरजेला ११ ने पूर्ण भाग जावा लागतो, त्यासाठी शेवटचा अंक कधी दहा लागतो, आणि तो एकाच जागेत मावावा म्हणून रोमन पद्धतीने एक्स लिहितात. “म्हणजे छपाईची चूक असेल. एक्सच्या जागी शून्य टाका.” मी त्यांच्यादेखत, म्हणजे त्यांच्या कानांदेखत, शून्य टाकले. चौकट पुन्हा लाल झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण बेरीज दहाने घटली. याचा अर्थ अकराचा भागाकार आपल्या प्रणालीला उत्तम येतो. फक्त उत्तर दहा आले की ती बुचकळ्यात पडते. मग “पुढे ९७८ लावून बघा” असा सल्ला मिळाला. दहा अंकी क्रमांक तेरा अंकी करण्यासाठी पुढे ९७८ लावल्यावर अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज दहाच्या पटीत आणावी लागते, म्हणून शेवटचा अंक नव्याने काढावा लागतो आणि तेथे एक्सला जागाच नसते, हेही मीच सांगितले. त्यानंतर बराच वेळ मला संगीत ऐकवण्यात आले. परत येऊन ते म्हणाले, “सर, पुस्तकं ओरिजिनल आहेत ना? पायरेटेड पुस्तकांचे नंबर असे येतात.”

ही पुस्तके प्रकाशकांकडून पावतीसह घेतलेली आहेत आणि त्यांतील कित्येक आपली कंपनी स्थापन होण्यापूर्वीपासून आमच्या कपाटांत आहेत. आपल्या प्रणालीचा दोष झाकण्यासाठी वाचनालयावर चोरीच्या पुस्तकांचा संशय घेण्याचे प्रशिक्षण कोण देते, हे कळल्यास बरे होईल.

शेवटी पडताळणीच बंद करण्याची सूचना झाली. नोंदी करणारी आमची मुले घाईत ६३ चे ३६ करतात, आणि दहा अंकी क्रमांकातली अशी शेजारच्या अंकांची अदलाबदल ही पडताळणी हमखास पकडते. आम्ही पैसे मोजले ते त्यासाठीच.

तक्रार एक्सपुरतीच नाही. अमेरिकेत राहणाऱ्या एका माजी सभासदाने स्वतः प्रकाशित करून भेट दिलेल्या पुस्तकाचा क्रमांक ९७९-८ ने सुरू होतो. हा गट अमेरिकेला दिलेला आहे, तरी आपली प्रणाली त्याचे दहा अंकी रूप मागते, जे ९७९ च्या क्रमांकांना असतच नाही. दहा अंकी क्रमांक ९७२ ने सुरू होणारी पोर्तुगालची पुस्तके मात्र बिनतक्रार जातात, अर्थात शेवटी एक्स नसला तर. आणि गोवा मुक्त होण्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांना आयएसबीएन नाहीच, तेव्हा ती चौकट सक्तीची ठेवून आम्ही तेथे काय भरावे? “कोणतेही तेरा आकडे टाका” हे आपल्या केंद्राचे उत्तर मी लिहून ठेवले आहे.

ग्रंथपालांसाठी बनवलेली म्हणून आपण ही प्रणाली विकता. ती बनवताना एखाद्या ग्रंथपालाला विचारले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. एक्स आणि ९७९ स्वीकारणारी, तसेच आयएसबीएनची चौकट रिकामी ठेवू देणारी दुरुस्ती १५ दिवसांत द्यावी, अन्यथा संपूर्ण रक्कम परत करावी. दोन्हींपैकी काहीच न झाल्यास दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल होईल, आणि ही प्रणाली घेण्याच्या विचारात असलेल्या तालुक्यातील इतर वाचनालयांना या पत्राची प्रत दिली जाईल. उत्तर लेखी हवे. ते लिहिणाऱ्याला एक्स म्हणजे दहा हे ठाऊक असावे, एवढी व्यवस्था कृपया करावी.

ग्रंथपाल,
फोंडा, गोवा